बालगृहातल्या आणि प्रतिपालक कुटुंबांतल्या किशोरींचं गरोदरपण कसं टाळायचं?

प्रश्न मुंबई उपनगरातल्या एका बालगृहाच्या अधीक्षकांचा आहे. संस्थेत १२ ते १८ वयाच्या ३४ मुली आहेत. शिवाय नऊ मुलं-मुली प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये, ठेवलेली आहेत. त्यांनी चार गोष्टी विचारल्या आहेत. मुली लहान वयात गरोदर राहू नयेत म्हणून नेमकं काय करायचं? मोबाइल काढून घ्यायचे का? लैंगिक शिक्षणाने उलट उत्सुकता वाढते, हे विश्वस्तांचं म्हणणं खरं आहे का? आणि एखादी मुलगी गरोदर असल्याचं कळलंच, तर पहिल्या दिवशी काय करायचं?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण तिथे एकेक दिवस मोजावा लागतो.

मुलीने सांगितलं, किंवा तपासणीत कळलं, की तिचा विश्वास असलेल्या एकाच बाईने तिच्याशी बोलावं. अधीक्षक, समुपदेशक, गृहमाता आणि विश्वस्त अशा चौघांनी तिला समोर बसवून विचारपूस करू नये. "कोण होता?" हा पहिला प्रश्न नसावा. पहिलं वाक्य असावं, "तू सांगितलंस ते बरं केलंस, आता आपण डॉक्टरांकडे जाऊ." ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. खोदून खोदून विचारायचं काम आपलं नाही. चार वेळा चार माणसांनी विचारलं की जबाबात तफावत येते आणि बचाव पक्ष नेमकं तिथेच बोट ठेवतो.

पोटात तीव्र दुखत असेल, रक्त जात असेल, चक्कर येत असेल, तर कागद मागाहून. सरळ केईएम, सायन, नायर, कूपर किंवा जे.जे. यांपैकी जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. गर्भ नळीत वाढत असेल तर तासाभराचा उशीरही जिवावर बेततो. तसं काही नसेल तरी त्याच दिवशी सोनोग्राफी करून आठवडे नक्की करून घ्या. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी दोन आठवडे चुकलेली मुलगी "दोन आठवड्यांची" नसते, सहा आठवड्यांची असते. हा हिशेब चुकल्यामुळे संस्था निवांत राहतात आणि मग धावपळ होते.

गर्भपाताच्या कायद्यात २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार गर्भपातासाठी २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोघांचं लागतं, आणि ही वाढीव मुदत ज्यांना मिळते त्यांत अल्पवयीन मुली आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रिया येतात. त्यापुढे गेलं की गर्भात गंभीर दोष नसेल तर उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागतं, वैद्यकीय मंडळाचा अहवाल लागतो, आणि त्यात आणखी दिवस जातात. १८ वर्षांखालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती आवश्यक आहे. या कायद्यात पालक म्हणजे जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे मुलीचा सांभाळ आहे ती व्यक्ती. तरीही रुग्णालयात बऱ्याचदा बाल कल्याण समितीचा, म्हणजे अशा मुलांच्या सांभाळाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीचा, आदेश मागितला जातो, म्हणून समितीला पहिल्याच दिवशी लेखी कळवून आदेश मागा. मुलीला काय हवंय हे तिला एकटीला विचारा आणि नोंदवा. गर्भ ठेवायचा की नाही याबद्दल तिचं मत आणि पालकांचं मत वेगळं असेल, तर तिच्या मताला महत्त्व द्यायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका १४ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात म्हटलं आहे.

पोलिसांना कळवणं ऐच्छिक नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होण्याची भीती वाटली, तरी कळवावंच लागतं. "दोघांचं प्रेम होतं" याने फरक पडत नाही, कारण संमतीचं वय १८ आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना तिचं नाव सांगितलं नाही तरी चालेल, अशी मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिली. पण ती मुभा डॉक्टरांसाठी आहे. संस्थेची जबाबदारी त्याने संपत नाही. संशय संस्थेतल्याच कुणावर असेल तर आधी अंतर्गत चौकशी करायची नाही. त्या माणसाला मुलींपासून दूर करा आणि त्याच दिवशी पोलीस व समिती दोघांना कळवा.

गर्भपात होणार असेल तर तपास अधिकारी आणि डॉक्टर यांचं आधी बोलणं व्हायला हवं, कारण डीएनए तपासणीसाठी नमुना राखून तो कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवायचा असतो. तो सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर डीएनए खराब होतो. सोबत जाणाऱ्या कर्मचाऱ्याने ही आठवण करून दिली तरी पुढचा खटला वाचतो. आणखी एक: उपचारासाठी एफआयआरची प्रत मागायचा अधिकार डॉक्टरांना नाही, तसं पोक्सोच्या २०२० च्या नियमांतच लिहिलंय. टू-फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत बोटं घालून केली जाणारी तपासणी, कुणी करू लागलं तर नकार द्या, सर्वोच्च न्यायालयाने ती ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद करायला सांगितली आहे. तपासात आणि खटल्यात मुलीसोबत राहणारी सहाय्यक व्यक्ती समितीकडे मागा, अत्याचारग्रस्तांना अर्थसाहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करा. महापालिकेच्या अनेक रुग्णालयांत हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांसाठी 'दिलासा' विभाग आहे. २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयापासून त्याची सुरुवात झाली. तिथल्या समुपदेशकांना हे काम ठाऊक असतं, त्यांना पहिल्याच भेटीत गाठा.

मूल जन्माला घालायचं ठरलं तर शाळा सुटू द्यायची नाही, रक्तक्षय आणि रक्तदाब दोन्हींवर बारीक लक्ष ठेवायचं, कारण या वयात दोन्हींचा धोका जास्त असतो. बाळ दत्तक द्यायचं असेल तर ते समितीपुढेच सुपूर्द होतं, आणि निर्णय फिरवायला ६० दिवस मिळतात. हे दिवस तिचे आहेत. त्या काळात "तू सुटलीस" किंवा "आईचं काळीज नाही तुला" यांपैकी काहीही कुणी तिला ऐकवू नये.

आता मूळ प्रश्न. टाळायचं कसं?

बहुतेक संस्था याचं उत्तर पहाऱ्यात शोधतात. भिंत उंच, फाटक लवकर बंद, मोबाइल कपाटात. पण गरोदरपणं बहुधा संस्थेच्या चार भिंतींत होत नाहीत. ती होतात जिथे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती मूल जातं तिथे. मे महिन्याच्या सुट्टीत घरी, गणपतीत गावी, एका बालगृहातून दुसऱ्या बालगृहात, प्रतिपालक कुटुंब बदलताना, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे १८ पूर्ण झाल्यावर. कापड शिवणीपाशी उसवतं. म्हणून मेहनत शिवणीवर घालायची.

अमेरिकेतल्या आयोवा, इलिनॉय आणि विस्कॉन्सिन या राज्यांत फॉस्टर केअरमधून बाहेर पडणाऱ्या तरुणांचा कित्येक वर्षं पाठपुरावा केला गेला. १९ वर्षांपर्यंत जवळपास निम्म्या मुली एकदा तरी गरोदर राहिल्या होत्या, म्हणजे त्या वयाच्या इतर मुलींच्या सुमारे अडीचपट. पण ज्यांना १८ नंतरही व्यवस्थेत राहू दिलं, त्यांच्यात गरोदरपण पुढे ढकललं गेलं. तिकडची कुटुंबं वेगळी, कायदे वेगळे. तरी राहायला जागा आणि विचारायला माणूस असेल तर मुलगी वाट पाहू शकते, हे इकडेही तितकंच खरं.

या मुलींमध्ये धोका जास्त का, याची कारणं "वळण नाही" अशी नसतात. शाळेत एखादा माहितीचा तास होतो त्या वेळी मुलगी नेमकी बदलीत असते, म्हणून तो तास तिला मिळतच नाही. घरी आई किंवा मावशी जे कानात सांगते ते सांगणारं कुणी नसतं. अनेकींवर आधी अत्याचार झालेला असतो, आणि आपल्या शरीराबद्दल "नाही" म्हणता येतं हेच त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. आणि एक कारण आपल्याला ऐकायला जड जातं: काही मुलींना मूल हवं असतं. आपलं म्हणावं असं, सोडून न जाणारं कुणीतरी. तिला निरोध कसा वापरायचा हे सांगून भागत नाही. तिच्याशी त्या ओढीबद्दलच बोलावं लागतं. मूल झाल्यावर रात्री कोण जागेल, खोलीचं भाडं कोण देईल, तुझी नर्सिंगची परीक्षा कधी आहे? हे रागाने विचारलं तर दार बंद होतं. सावकाश, दोन-चार बैठकांत विचारलं तर ती स्वतःच हिशेब मांडते.

विश्वस्तांना सांगायचं ते असं: लैंगिक शिक्षणावरच्या जगभरच्या अभ्यासांचा आढावा युनेस्कोने घेतला आहे, आणि अशा शिक्षणाने मुलं लवकर संबंध ठेवू लागतात असं त्यात आढळलेलं नाही. उत्सुकता मुळात असतेच. ती भागवायला आज मोबाइलवरची अश्लील चित्रफीत आहे, आणि तिथे गर्भ कसा राहतो हे कुणी सांगत नाही.

सत्रं आठ-दहा जणींच्या गटात, ४५ मिनिटांची, वर्षभरात निदान बारा घ्या. नऊ ते अकरा वयाला शरीराच्या अवयवांची खरी नावं, पाळी, नको असलेला स्पर्श. बारा ते चौदाला गर्भ कसा राहतो, पाळीचं चक्र, संमती. पंधरापुढे गर्भनिरोधनाची सगळी साधनं, कायदा, दबाव कसा ओळखायचा. सत्रं हिंदीतही व्हायला हवीत, कारण मुंबईच्या बालगृहांत बिहार, बंगाल, नेपाळच्याही मुली असतात. आणि "कळलं का?" विचारल्यावर त्या लाजेने मान हलवतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींसाठी तीच गोष्ट बाहुली घेऊन, छोट्या वाक्यांत, दर महिन्याला पुन्हा. त्यांना वगळणं ही सर्रास होणारी चूक आहे, आणि अत्याचार करणारा अशीच मुलगी हेरतो. प्रश्नांसाठी कुलूपबंद पेटी ठेवा, चिठ्ठीवर नाव नाही, आणि पेटीची किल्ली बाहेरून येणाऱ्या समुपदेशकाकडे द्या. गृहमातेकडे नको.

कोणतं सत्र कोणत्या मुलीला मिळालं, याचं एक कार्ड तिच्या वैयक्तिक संगोपन आराखड्याला जोडा. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे आहेत, समित्या वेगळ्या, बाल संरक्षण कक्ष वेगळे. डोंगरीहून मानखुर्दला किंवा तिथून गावच्या जिल्ह्यात बदली झाली की फाईल जाते, पण त्या मुलीला काय सांगायचं राहिलंय ते जात नाही. हे एक कार्ड ते काम करतं.

सत्रांत गैरसमजांना थेट नाव घेऊन हात घाला. "पहिल्या वेळी राहत नाही." राहतो. "पाळीत राहत नाही." शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात, आणि ज्यांचं चक्र छोटं त्यांना पाळीच्या शेवटीही धोका असतो. "त्याने वेळेवर बाहेर काढलं." भरवसा नाही. "नंतर धुतलं, लघवी केली." उपयोग नाही. "पपई खाल्ली की पडतं." नाही पडत, आणि या आशेवर दोन महिने निघून जातात.

निरोध दाखवायचा तर लाकडी मॉडेल किंवा केळं चालेल, पण सगळ्या पायऱ्या दाखवा. तारीख बघणं, पाकीट दाबून आत हवा आहे का ते बघणं, दातांनी न फाडणं, टोक चिमटीत धरून हवा काढणं, मुळापर्यंत उलगडणं, नंतर मुळाशी धरूनच बाहेर काढणं. आपल्याकडे फाटण्याचं एक कारण खोबरेल तेल आहे. तेल किंवा व्हॅसलिनने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं. दुसरं कारण, पँटच्या मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्महिने ठेवलेला निरोध. एकावर एक दोन घालणं हे तिसरं.

आपत्कालीन गोळी, लेव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम, जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत. औषधाच्या दुकानात ती चिठ्ठीशिवाय मिळते. घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. गर्भ राहिलेला असेल तर ती काही करत नाही, आणि ती पुढच्या संबंधाला पुरत नाही. "महिन्याला एक खाल्ली की झालं" हा समज मुलींत फार पसरला आहे. तांबी पाच दिवसांच्या आत बसवली तर ती सगळ्यांत खात्रीची, पण त्यासाठी रुग्णालयात जावं लागतं. जबरदस्ती झाली असेल तर गोळीबरोबर एचआयव्ही टाळण्याची औषधंही ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात. म्हणून अत्याचाराच्या प्रकरणात फक्त दुकानातली गोळी देऊन मुलीला झोपायला पाठवू नका.

इथे प्रत्येक समुपदेशकापुढे एक पेच येतो. मुलीने विश्वासाने सांगितलं, तर कळवावं लागतं. कळवलं, तर पुढची मुलगी सांगत नाही. यातून मार्ग एकच, मर्यादा आधी सांगणं. पहिल्याच भेटीत, काही घडलेलं नसताना: "तू सांगितलेलं मी कुणाला सांगत नाही. पण कुणी तुझ्याशी शरीरसंबंध ठेवले असतील, किंवा तुला इजा होणार असेल, तर मला कळवावं लागतं. कळवायच्या आधी मी तुला सांगेन, आणि तुझ्यासोबत येईन." शेवटचं वाक्य पाळा. आणि माहिती सगळ्यांना सारखी द्या, म्हणजे गोळीबद्दल कळण्यासाठी कुणालाही आधी स्वतःचं गुपित उघडं करावं लागत नाही.

पाळीची नोंदवही बऱ्याच संस्थांत असते. ती भिंतीवर किंवा स्वयंपाकघराच्या टेबलावर असेल तर आजच काढा. प्रत्येकीचं स्वतःचं कार्ड, परिचारिकेच्या कपाटात. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन वर्षं ती अनियमित असतेच. रक्तक्षय, ताण, पीसीओडी, नुकतीच झालेली बदली यांनीही ती पुढे जाते. सहा आठवडे उलटले तर एकांतात विचारावं आणि डॉक्टरांना दाखवावं, एवढाच नियम ठेवा. सुट्टीवरून आलेल्या सगळ्या मुलींची सरसकट लघवीची चाचणी करणाऱ्या संस्था आहेत. ते थांबवा. ते अपमानास्पद आहे, शिवाय निरर्थकही आहे. संबंधानंतर साधारण तीन आठवडे झाल्याशिवाय चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणजे काल परतलेल्या मुलीची नकारात्मक पट्टी काहीच सांगत नाही. गरज पडेल तेव्हा तिच्या संमतीने, सकाळच्या पहिल्या लघवीवर, पाच मिनिटांनी वाचायची.

सुट्टीवर पाठवण्याआधीचं काम याहून मोलाचं आहे. घरात कोण-कोण आहे, ती कुठे झोपणार, शौचालय घरात की चाळीच्या टोकाला, वडिलांचे किंवा काकांचे मित्र येतात का, "पाहुणे बघायला येणार" असं काही कानावर आलंय का. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. सुट्टीत लग्न ठरणं ही नुसती शंका राहत नाही. मुलीला १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पाठ करून द्या, कागदावर नको, कागद सापडतो. परतल्यावर ४८ तासांच्या आत तिच्याशी एकटीशी बोला, आणि सुरुवात "काय खाल्लंस, कुणाला भेटलीस?" अशी करा.

प्रतिपालक कुटुंबांबाबत गृहभेट म्हणजे चहा पिऊन सही, असं होता कामा नये. मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, त्यात गैर काही नाही. पण रात्रीची झोपण्याची जागा प्रत्यक्ष पाहायची, पोटमाळ्यावर कोण चढतं ते विचारायचं. कुटुंब निवडताना ज्यांची चौकशी झाली त्यांच्यापेक्षा नंतर राहायला आलेल्यांकडे जास्त लक्ष द्या: भाडेकरू, गावाहून कामाला आलेला भाचा, लग्न मोडून परतलेला मोठा मुलगा. महिन्यातून एकदा तरी मुलाला घराबाहेर, बागेत किंवा शाळेत, एकटं भेटा. नात्यातल्या घरी मुलगी मोलकरीण झाली आहे का, हे तिच्या हातांवरून आणि शाळेच्या हजेरीवरून कळतं. राबवली जाणारी मुलगी घरातून सुटायची वाट बघत असते, आणि बाहेर तिला जो पहिला मायेने बोलेल त्याच्यासोबत ती जाते. प्रतिपालकांना प्रशिक्षण देताना एक गोष्ट मनावर बिंबवा: मुलीचा कुणी मित्र असल्याचं कळलं तर "आमच्या घरात हे चालणार नाही, परत पाठवू" असं म्हणायचं नाही. ही धमकी एकदा ऐकली की ती पुढचं सगळं लपवते.

मोबाइल काढून घेऊ नका. बंदी घातली की लपवलेला फोन येतो. तो देणारा बाहेरचा कुणी मुलगा असतो, रिचार्जही तोच करतो, आणि त्या रिचार्जच्या बदल्यात तो काय मागतो ते तुम्हाला कळत नाही. ठरलेल्या वेळी, बैठकीच्या खोलीत, संस्थेचे फोन वापरू द्या. फोटो पाठवण्याची मागणी, "पाठवला नाहीस तर तुझं प्रेम नाही" हे वाक्य, आणि पाठवलेल्या फोटोवरून धमकी आली तर कुणाला सांगायचं, हे सत्रांत घ्या. सांगितलं तर फोन जाणार नाही, हे वचन मात्र द्यावं लागेल.

मुलग्यांना विसरू नका. प्रश्नात ते आलेच नाहीत. तुमच्या नऊ प्रतिपालित मुलांत मुलगे असतील, आणि त्यांना बहुधा फक्त "सांभाळून राहा" एवढंच सांगितलं जातं. सतरा वर्षांच्या मुलाला स्पष्ट सांगायला हवं, की सोळा वर्षांच्या मैत्रिणीने होकार दिला तरी कायद्यात तो होकार नसतो, आणि तो बाल न्याय मंडळापुढे उभा राहू शकतो. निरोधाचं सत्र त्यांनाही तितकंच तपशिलात द्या.

कर्मचाऱ्यांबद्दल थोडक्यात: मुलींच्या झोपण्याच्या जागेत पुरुष कर्मचारी नाही, रुग्णालयात वा न्यायालयात नेताना एक स्त्री सोबत असायलाच हवी, नव्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी. संस्थेतल्या माणसाने केलेला बलात्कार पोक्सोत गंभीर स्वरूपाचा धरला जातो आणि २०१९ पासून त्याला किमान २० वर्षांची शिक्षा आहे, हे नेमणूकपत्राबरोबर लिहून द्या.

आणि आता १८. बालगृहातून निघण्याची तयारी सोळाव्या वर्षी सुरू झाली पाहिजे. बाल न्याय कायद्याचं कलम ४६ अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय देतं, नियमांनुसार ती २१ वर्षांपर्यंत. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. मुंबईत तेवढ्यात खोली मिळत नाही, म्हणून अनुरक्षणगृहाची किंवा नोकरदार मुलींच्या वसतिगृहाची जागा आधीच पक्की करा. वाढदिवसाला जागा शोधायला सुरुवात केली, तर ज्या मुलाकडे खोली आहे त्याच्याकडे ती जाणार. आणि भाडं जो देतो त्याला "निरोध वापर" म्हणणं सोपं नसतं. आधार, बँक खातं, शाळेचा दाखला आणि अनाथ मुलींसाठी अनाथ प्रमाणपत्र ही कागदपत्रं सतराव्या वर्षाच्या आत पूर्ण करा. राज्यात अनाथांना शिक्षणात आणि शासकीय नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राशिवाय त्याचा उपयोग शून्य. "१८ झाली, स्थळ बघू" ही जुनी चाल सोडा. लग्न लावून जबाबदारी संपत नाही, फक्त नजरेआड जाते.

निघण्याआधी तिला महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात स्वतः घेऊन जा आणि तिथल्या परिचारिकेशी ओळख करून द्या. अठरानंतर ती सज्ञान आहे, पोक्सोचा धाक नाही, त्यामुळे आता गर्भनिरोधनाचं साधन निवडण्याबद्दल मोकळं बोला. 'अंतरा' इंजेक्शन सरकारी केंद्रात मोफत असतं, दर तीन महिन्यांनी. पाळी अनियमित होणं किंवा थांबणं हा त्याचा अपेक्षित परिणाम आहे, हे आधी न सांगितल्यामुळेच कित्येक मुली एका मात्रेनंतर ते सोडतात. 'छाया' गोळीत संप्रेरकं नसतात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, आणि नंतर आठवड्यातून एकदा. 'माला-एन' रोज घ्यावी लागते, दिवस-रात्रीच्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्या मुलीला ती विसरायला होते. तांबी मूल न झालेल्या मुलीलाही बसवता येते. यांपैकी कशानेही लैंगिक आजार टळत नाहीत, म्हणून सोबत निरोध हवाच. तिच्या पिशवीत वीस निरोध, एक आपत्कालीन गोळी, गरोदरपणाची एक चाचणी पट्टी आणि तीन फोन नंबर ठेवा: आरोग्य केंद्राचा, संस्थेचा, आणि एका माणसाचा.

तो एक माणूस कोण, हे सोळाव्या वर्षीच ठरवून आराखड्यात नाव लिहा. माजी गृहमाता, शिक्षिका, आधी बाहेर पडलेली ताई, कुणीही, पण तिने स्वतः निवडलेली. तिने तिसऱ्या दिवशी फोन करायचा, मग दर आठवड्याला, सहा महिन्यांनंतर दर महिन्याला, २१ पूर्ण होईपर्यंत. फोनवर नोकरीची चौकशी करायची, जेवणाची करायची, पाळीची करायची, आणि दिवाळीला कुठे जाणार आहेस ते विचारायचं. उत्तर "कुठेच नाही" असेल, तर तिला फराळाला बोलवायचं.